छावणीला पत्ता मिळाला तेव्हा

वसई पूर्वेस रेल्वे आणि महामार्ग यांच्या मधल्या पट्ट्यात एव्हरशाईन सिटी उभी राहिली, त्यास अजून दोन पिढ्याही पुऱ्या झालेल्या नाहीत. अशा वस्तीत नवे बिऱ्हाड आले म्हणजे शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो ‘आपण मूळचे कोठले?’ असा. कोणी चिपळूण सांगतो, कोणी जळगाव, कोणी जौनपूर, कोणी मंगळूर. ‘मूळचे येथलेच’ असे सांगणारा क्वचित भेटतो आणि भेटला तर तो बहुधा गिरगाव-परळ सोडून आलेल्या मंडळींकडे थोड्या संशयानेच पाहत असतो. त्याच्या त्या पाहण्यालाही कारण आहे. त्याकडे आपण पुढे येऊ.

या प्रश्नात वावगे काही नाही. ओळख करून घेण्याची ती आपली रीत आहे. परंतु हाच प्रश्न चौकीत आणि कचेरीतही विचारला जातो आणि तेथे तोंडी उत्तर चालत नाही, कागद लागतो. ज्याच्यापाशी कागद आहे तो त्या दिवसापुरता सुटतो. ज्याच्यापाशी नाही त्याचे काय होते, आणि शहराने त्याचे काय करावे, हा आजचा विषय आहे. युद्धाने, फाळणीने किंवा छळाने घर सुटलेला माणूस आणि निव्वळ पोटासाठी कागदपत्रांविना आलेला माणूस हे कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे इसम आहेत, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या शहरात ते उतरतात त्या शहरापुढे दोघेही सारखेच प्रश्न उभे करतात. यास राहावयास कोठे द्यावे, कामास लावावे की नाही, याच्या मुलास शाळेत बसू द्यावे की नाही?

पुष्कळ लोक म्हणतात, अशा वेळी शहराने दया दाखवावी. दयेला आमचा विरोध नाही. पण इतिहास वाचताना असे दिसते की दया ही पहिल्या पंधरवड्याची गोष्ट असते. पेजेचे हंडे, जुने कपडे, वर्गणी हे सारे त्या पंधरवड्यात होते. पुढे तो मनुष्य त्या शहराचा होतो की नाही, हे त्यास पत्ता मिळाला की नाही, धंदा करू दिला की नाही आणि त्याचे नाव कोणत्या तरी सरकारी वहीत चढले की नाही, यावरच ठरत आले आहे. हे म्हणणे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील एका गावाच्या इतिहासावरून तपासून पाहता येईल.

तत्पूर्वी थोडे उत्तरेकडे जाऊ. आपल्या जिल्ह्याची हद्द संपते त्याच्या पलीकडे, गुजरातेत, संजाण आहे. इराणातून धर्म वाचविण्यासाठी निघालेले पारशी तेथे उतरले, हे आपण शाळेपासून ऐकतो. दुधाच्या पेल्यात साखर विरघळविल्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे; परंतु ‘किस्सा-ए-संजाण’ या मूळ फारसी काव्यात ती गोष्ट नाही. त्यात आहेत त्या राजा जादी राण्याने घातलेल्या अटी. आपला धर्म समजावून सांगावा, येथली भाषा बोलावी, स्त्रियांनी येथला पेहराव करावा, शस्त्रे खाली ठेवावीत आणि लग्नाच्या वराती सायंकाळी काढाव्यात. हा किस्सा १५९९ च्या सुमारास, म्हणजे मूळ प्रसंगानंतर कित्येक शतकांनी, बहमन कैकोबाद याने लिहिला. तेव्हा तो राजाचा दप्तरी कागद नव्हे, पाहुण्यांच्या वंशजांची आठवण आहे, एवढे भान ठेवून तो वाचावा. तरीसुद्धा एक गोष्ट ध्यानात येते. त्या पाच अटी कडक असतील, पण त्या मोजक्या होत्या आणि आधी सांगितलेल्या होत्या. त्या पाळल्या की जमीन मिळाली आणि प्रकरण मिटले. पुढे संजाण पडले तेव्हा तो पवित्र अग्नी बहारोटच्या डोंगरात बारा वर्षे लपवून ठेवला होता, असे परंपरा सांगते. ते बहारोट आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. एकोणिसाव्या शतकात इराणातून आणखी लोक आले. त्यांतल्या काहींनी मुंबईत चहाची दुकाने काढली आणि काहींनी डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या केल्या. आज घोलवडचा चिकू आपल्या जिल्ह्याची खूण म्हणून बाजारात जातो आणि भौगोलिक मानांकन मिरवतो. चिकूचे झाड तर मुळात अमेरिका खंडातले! मूळचे कोठले, हे त्यास कोणी विचारीत नाही.

आता मुख्य कथेकडे वळू. ऑगस्ट १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा पंजाब पेटला होता, पण सिंधमध्ये तुलनेने शांतता होती. आपण येथेच राहू असे पुष्कळ सिंधी हिंदूंना वाटत होते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि तो भरवसा गेला. त्यानंतर कराचीहून सुटणाऱ्या बोटी भरभरून मुंबई बंदरात येऊ लागल्या. माणसे धक्क्यावर उतरत ती वळकटी, एखादी ट्रंक आणि पोरेबाळे घेऊन. मुंबई शहर युद्धाच्या काळापासूनच तुडुंब भरलेले होते. सरकारने निर्वासितांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९४८ साली केला आणि लोकांना शहराबाहेरच्या छावण्यांत पाठविण्याचे धोरण धरले. युद्ध संपल्यामुळे लष्कराच्या छावण्या रिकाम्या पडल्या होत्या. देवळाली, पिंपरी, मुलुंड, चेंबूर, कोल्हापूरजवळचे वळिवडे अशा ठिकाणी माणसे गेली. सर्वांत मोठा लोंढा गेला तो कल्याणजवळच्या लष्करी छावणीत.

ही छावणी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या मुक्कामासाठी बांधली होती. पाच विभाग, रांगेने बराकी, भोवती ओसाड माळ. तीत लाखाच्या घरात माणसे येऊन पडली. एका लांबलचक बराकीत कित्येक कुटुंबे, दोन कुटुंबांच्या मध्ये गोणपाटाचा नाहीतर चादरीचा पडदा. कराचीत आणि शिकारपुरात ज्यांचे चिरेबंदी वाडे होते ते आणि ज्यांचे काहीच नव्हते ते, दोघेही त्याच पडद्याच्या अलीकडे-पलीकडे निजू लागले. शिधा सरकारातून मिळे आणि कारभार छावणीच्या कमांडंटचा असे.

त्या दिवसांत या लोकांविषयी काय बोलले जात होते, तेही सांगितले पाहिजे. हे लोक घाण करतात, लोकलगाडीत माल विकून वाट अडवतात, एक पैसा नफ्यावर विकून आमचे गिऱ्हाईक तोडतात, यांना आमची भाषा येत नाही, यांचा भरवसा काय धरावा? आज आपण वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत काम करणाऱ्या मजुरांविषयी जे ऐकतो, त्यातले एक वाक्यही नवे नाही. सिंधी आणि पंजाबी मंडळींना ‘शरणार्थी’ हा शब्दच जाचू लागला. ‘आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी आहो’ असे ते म्हणत. या म्हणण्यात पोकळ अभिमान नव्हता. फुकटचा शिधा लवकर आटोपता घेतला जाणार हे त्यांस दिसत होते. पापड, लोणची, गोळ्या-बिस्किटे, शिलाई, लाकूडकाम, जे सुचेल ते बराकीच्या दारात सुरू झाले. अमुक धंदा करावयाचा नाही, असे त्यांस कोणी सांगितले नाही. निर्वासितांच्या जगभरच्या इतिहासात ही सवलत वाटते तितकी सामान्य नाही. काम करण्याची मनाई करून माणसांना वर्षानुवर्षे शिध्यावर ठेवणारी राष्ट्रे पुष्कळ आहेत आणि मग हे लोक आळशी आहेत अशी तक्रारही तीच करतात.

पण शिलाईयंत्रापेक्षाही महत्त्वाचे काम एका कलमाने केले. राज्यघटनेचे सहावे कलम आपण सहसा वाचीत नाही. पाकिस्तानात गेलेल्या प्रदेशातून जो मनुष्य १९ जुलै १९४८ पूर्वी येथे आला, ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी कोणाचा किंवा आजाआजीपैकी कोणाचा जन्म अखंड हिंदुस्थानातला आहे आणि जो तेव्हापासून येथेच राहिला, तो आपोआप नागरिक. त्या तारखेस किंवा नंतर आला असेल तर त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करावा, अर्जापूर्वी सहा महिने येथे राहिलेला असावा, आणि घटना अमलात येण्याच्या आत नोंद व्हावी. ही तारीख आली ती परवान्याच्या पद्धतीमुळे. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येण्यास परवाना लागू झाला. म्हणजे पाहा, कल्याणच्या एकाच बराकीत, एकाच पडद्याच्या दोन बाजूंस, एक भाऊ १८ जुलैस आलेला आणि दुसरा २० जुलैस आलेला असू शकत होता. पहिल्याचे नागरिकत्व त्याच्या पायांनी सिद्ध झाले आणि दुसऱ्याचे एका फॉर्माने. पण दुसऱ्यासही वाट ठेवलेली होती, तिच्या पायऱ्या मोजक्या होत्या आणि मुदत ठाऊक होती. जादी राण्याच्या अटींची आठवण आम्हांस येथे होते.

दुसरा कागद ‘क्लेम’ नावाचा. सिंधमध्ये सोडून आलेल्या मिळकतीचे दावे नोंदवून घेण्याचा कायदा १९५० साली आणि नुकसानभरपाईचा कायदा १९५४ साली झाला. क्लेमाच्या पोटी बराकींतल्या खोल्या आणि जागा लोकांच्या नावे होऊ लागल्या. जागेच्या त्या हक्कपत्रास उल्हासनगरात ‘सनद’ म्हणतात. पेशवाईतला शब्द निर्वासितांच्या खोलीस येऊन चिकटला, ही आपल्या भाषेची गंमत. ज्याचे सिंधमध्ये काहीच नव्हते त्यास क्लेमही नव्हता, हा या व्यवस्थेतला अन्याय होता आणि तो झाकण्याचे कारण नाही. परंतु खोली आपल्या नावे होणार हे कळल्यावर माणूस गोणपाट काढून विटेची भिंत घालतो.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. १९६० साली नगरपालिका आली. या गोष्टीचे महत्त्व आम्हांस कोनशिलेपेक्षा अधिक वाटते. छावणीला कमांडंट असतो आणि त्याच्याकडे अर्ज करावयाचा असतो. गावाला नगराध्यक्ष असतो आणि त्यास पाडता येते. निर्वासित ज्या दिवशी नळाच्या पाण्यावरून नगरसेवकाशी भांडू लागला, त्या दिवशी त्याचे निर्वासितपण संपले असे धरावयास हरकत नाही. १९६७ साली सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी मुंबईत १९४८ सालीच जयहिंद कॉलेज काढले होते आणि पुढे उल्हासनगरातही महाविद्यालये उभी राहिली. १९९६ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार भरली. तिच्यात अर्थातच नुसते सिंधी नाहीत. पोटासाठी आलेले मराठी, उत्तर भारतीय, दक्षिणी असे सारे त्या निर्वासितांच्या गावात कामास आले. निर्वासित मालक झाला आणि स्थानिक त्याच्याकडे नोकरीस राहिला, असेही घडले. तेथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असे आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा करीत, हा विनोद आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

याच्या जोडीस कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकीगत ठेवून पाहावी. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून सोव्हिएट रशियात हद्दपार केलेल्या लोकांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्यासाठी शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाट्यगृह होते. कोल्हापूरकरांनी त्यांना प्रेमाने वागविले आणि ते लोक म्हातारे होईपर्यंत कोल्हापूरचे नाव काढीत राहिले. वॉर्सा शहरात वळिवडे-कोल्हापूरचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे फुले वाहिली. परंतु ही छावणी पाहुण्यांची होती. कायम राहण्याची वाट त्यांच्यासाठी काढलेली नव्हती. १९४८ पर्यंत ते सारे पांगले, कोणी इंग्लंडास, कोणी आफ्रिकेत, कोणी ऑस्ट्रेलियात गेले. त्यांनी मोकळ्या केलेल्या त्याच बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. आज त्यास गांधीनगर म्हणतात आणि कापडाच्या घाऊक खरेदीसाठी पश्चिम महाराष्ट्रातले दुकानदार तेथे जातात. एकाच बराकीत आधी एक निर्वासित आला आणि मग दुसरा आला. पहिल्याची आठवण राहिली आणि दुसऱ्याची बाजारपेठ झाली. पोलिश बायका सिंधी बायकांपेक्षा कमी कष्टाळू होत्या, असे तर कोणी म्हणणार नाही.

निर्वासितांविषयी आपल्या देशाचे वर्तन एकंदरीत उदार राहिले आहे. तिबेटी आले, त्यांची एक वसाहत महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यात आहे. पूर्व बंगालमधून आलेल्यांच्या वस्त्या गडचिरोलीत आहेत. पण हे औदार्य प्रत्येक वेळी सरकारच्या मर्जीने झाले. निर्वासितांसाठी स्वतंत्र असा कायदा आपल्याकडे झाला नाही आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. नागरिकत्वाच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून आलेल्या काही धर्मांच्या लोकांना वाट काढून दिली, इतरांना दिली नाही. तिच्या बऱ्यावाईटाची चर्चा देशभर झाली आहे. ती येथे उगाळीत नाही. नागरिक कोणास करावे, हे दिल्लीच्या अखत्यारीतले काम आहे. वसई-विरारच्या पालिकेने कोणास नागरिक करावे, असे आम्ही सुचवीत नाही. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे आणि म्हणूनच टाळता येण्याजोगा नाही. नागरिकत्वाचा निकाल लागेपर्यंत, आणि तो विरुद्ध लागला तरी परत पाठवीपर्यंत, तो मनुष्य, त्याची बायको आणि त्याचे मूल कोठे तरी राहणारच. ते जेथे राहतील तेथल्या शहराने काय करावे?

येथे घटनाकारांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. भाषणस्वातंत्र्य, संचारस्वातंत्र्य देणारे एकोणिसावे कलम नागरिकांसाठी आहे. परंतु कायद्यापुढील समानता सांगणारे चौदावे आणि जीविताचे रक्षण करणारे एकविसावे कलम ‘कोणत्याही व्यक्ती’साठी आहे. अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांच्या प्रकरणी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचे रक्षण करणे राज्यावर बंधनकारक आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून मुलास शाळेत नाकारता येत नाही. जन्माची नोंद १९६९ च्या कायद्याने पालिकेनेच करावयाची असते. मूल जेथे जन्मले ते गाव खोटे होत नाही, त्याच्या बापाचे कागद असोत वा नसोत. ही तीन कामे पालिकेच्या हातातली आहेत आणि त्यांसाठी दिल्लीस विचारावे लागत नाही.

बाहेरच्या जगात शहरांनी याच धर्तीवर वाटा काढल्या आहेत. स्पेनमध्ये गावच्या रहिवाशांची एक वही असते. गावात जो राहतो त्याने तीत नाव घालावयाचे, त्याचा देशात राहण्याचा परवाना असो वा नसो. त्या नोंदीवर शाळा आणि दवाखाना मिळतो. न्यूयॉर्क शहराने २०१५ पासून आपल्या रहिवाशांस स्वतःचे ओळखपत्र दिले, त्यासही परवान्याची अट नव्हती. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९७९ सालीच असा आदेश काढला की निव्वळ परवाना तपासण्यासाठी कोणा माणसास हटकू नये. कारण व्यवहारी होते. ज्यास पकडले जाण्याची भीती आहे तो चोरीची फिर्याद देत नाही, साक्ष देत नाही, आणि मग चोराचे फावते.

आता आपल्या दाराशी येऊ. सिडकोच्या हाती १९९० साली या भागाचे नियोजन गेले. तत्पूर्वी आणि त्यानंतरही येथल्या जुन्या रहिवाशांनी, सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, ख्रिस्ती मंडळींनी, वाड्या आणि विहिरी जाणार म्हणून आवाज उठविला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची हरित वसई संरक्षण समिती त्यातूनच लढली. आरंभी ज्या मूळच्या वसईकराच्या संशयी नजरेचा उल्लेख केला, तिचे कारण हे. त्याचे पाणी, त्याचे शिवार आणि त्याचे मत या तिन्हींची किंमत नव्या वस्तीने कमी केली, आणि ते करण्यापूर्वी त्यास कोणी विचारले नाही. येणाऱ्याचे स्वागत करावे असे सांगणारे बहुधा यजमानाचे हे दुखणे ऐकून घेत नाहीत आणि मग त्यांचे सांगणे कोणास पटत नाही. तथापि ती वाडी कोणी बळकावली, हेही पाहावे. भाड्याच्या खोलीत पाचजण निजणाऱ्या गवंड्याने ती बळकावली नाही.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून आपली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. २०२१ साली जनगणना झालीच नाही, म्हणून पाण्याचा, गटाराचा, शाळांचा हिशेब त्या जुन्या आकड्याच्या अंदाजावर चालत राहिला. जनगणनेचा प्रगणक दारात येतो तेव्हा कागद मागत नाही, घरात राहणाऱ्या माणसांची माहिती तोंडी विचारून लिहून घेतो. तरीही कागद नसलेला मनुष्य त्यास भिऊन दार लावून घेतो. त्याचे नाव लपले तरी त्याची तहान लपत नाही, आणि टँकरवाला दोघांकडून पैसे घेतो.

मे २०२० मध्ये टाळेबंदीत काम सुटलेली माणसे श्रमिक गाडीसाठी नाव नोंदवावयास वसईच्या सनसिटी मैदानावर हजारोंनी जमली, तेव्हा आपल्या शहरात किती लोक कोणाच्याही वहीत नसताना राहत होते, ते आपण पाहिले. हे सारे भारताचेच नागरिक होते. नागरिक असूनही वहीत नसणे म्हणजे काय, याचा दुसरा अनुभव खाडीपलीकडे आला. जून २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील काही मजुरांना मुंबईच्या परिसरातून, मीरा रोडहूनही, बांगलादेशी समजून पकडण्यात आले आणि सीमेपार ढकलण्यात आले. ते भारतीयच असल्याचे पुढे निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. बेकायदा आलेल्या परक्यास शोधून, न्यायाधीशापुढे उभे करून परत पाठविण्याचा अधिकार राज्यास आहे, तो कोणी नाकारीत नाही. खोटे दाखले करून देणाऱ्या टोळ्याही आहेत. परंतु माणसाची बोली ऐकून त्याचा देश ठरवावयाचा असेल तर उद्या बेळगावचा मराठी माणूस कोणत्या बाजूला उभा राहील?

कागद नसणे ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परक्याची नाही. नालासोपारा पूर्वेस, वसंत नगरीला लागून असलेल्या अग्रवाल नगरीतील ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. हे काम नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू होऊन २०२५ च्या आरंभी संपले. त्या जागेवर सांडपाण्याच्या प्रकल्पाचे आणि कचराभूमीचे आरक्षण होते आणि इमारतींस परवानगी नव्हती. दोन हजारांवर कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांच्यापाशी आधारकार्ड होते, मतदानपत्र होते, विजेचे बिल होते. घराचा कागद तेवढा खोटा निघाला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसे मेली. तीही इमारत अनधिकृत होती. आपल्यापैकी किती सोसायट्यांपाशी भोगवटा प्रमाणपत्र आहे आणि किती जणींचे अभिहस्तांतरण झाले आहे, हे प्रत्येकाने घरी गेल्यावर चिटणिसास विचारावे. आज ज्यास आपण ‘त्यांच्याकडे कागद नाहीत’ म्हणतो, तेच आपल्या इमारतीविषयी कोणी म्हणू शकेल.

उल्हासनगरवरही ही वेळ आली होती. २००५ साली उच्च न्यायालयाने तेथील ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या वेळी विधिमंडळाने २००६ साली उल्हासनगरापुरता खास कायदा करून, दंड भरून बांधकामे नियमित करण्याची वाट काढली. कायद्याची अंमलबजावणी रखडली, हे खरे. आणि धोक्याच्या इमारतीस सवलत देणे धोक्याचेच, हेही रमाबाई अपार्टमेंटने दाखविले. परंतु उल्हासनगरसाठी कायदा झाला आणि अग्रवाल नगरीसाठी झाला नाही. आरक्षणाचा फरक होताच. दुसरा फरक असा की उल्हासनगरवाल्यांमागे त्या वेळी साठ वर्षांच्या आतबाहेरचा मतदारसंघ, नगरसेवक, आमदार आणि सनदांचे गठ्ठे होते. बराकीतल्या त्या पहिल्या नोंदी अर्ध्या शतकानंतरही कामास आल्या.

आज उल्हासनगरात बराकी फारशा उरलेल्या नाहीत. त्यांच्या जागी चार-पाच मजले चढले आहेत. तरी तेथल्या माणसास पत्ता विचारा, तो बराक नंबर, सेक्शन नंबर आणि उल्हासनगर एक, दोन, तीन, चार की पाच, असा सांगतो. टपालखाते त्याच पत्त्यावर पत्र पोहोचवते आणि लग्नपत्रिकेवरही तोच छापतात.